समुद्रकाठचा सालदार

खानदेशात आखाजीला सालदाराचे साल भरते व नवे साल ठरते. ओट्यावर दोन शहाणी माणसे साक्षीला बसतात. रोकड किती, धान्य किती, अंगावर उचल किती, याचा सर्वांसमक्ष उच्चार होतो आणि मगच बोली पक्की होते. एकदा ती पक्की झाली की पाऊस लांबो, पीक बुडो, शेतात काम असो वा नसो, सालाची रक्कम मालकाला चुकत नाही. म्हणूनच चार बिघे कोरडवाहू जमीन असलेला शेतकरी तीन-तीन सालदार ठेवीत नाही, आणि ठेवू लागलाच तर घरची म्हातारी माणसे त्याला आधी आवरतात.

८ डिसेंबर १९९३ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने अरबी समुद्राच्या काठी असाच एक सालदार ठेवला. त्याची बोली ओट्यावर झाली नाही, बंद दाराआड झाली. साल डॉलरच्या भावाने ठरले. आणि ज्या कुटुंबाने ते फेडावयाचे होते, त्यातील कोणालाही, म्हणजे तुम्हांआम्हांला, बोलीची कलमे आधी वाचावयास मिळाली नाहीत. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या दाभोळ वीज कंपनीशी मंडळाने केलेला वीजखरेदीचा करार तो हाच. त्यास आता तीन दशके उलटून गेली. ज्या कंपनीने तो केला ती २००१ च्या डिसेंबरात दिवाळखोर झाली. ज्या मंडळाने तो केला त्याचे २००५ मध्ये त्रिभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा तीन कंपन्या झाल्या. करारावर सह्या करणारी दोन्ही घरे अशी मोडली, तरी तो विषय संपला असे आम्हांस वाटत नाही. उलट, नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या विजेची खरीखुरी गरज आज प्रथमच निर्माण होऊ लागली आहे, आणि म्हणूनच जुन्या बोलीची आठवण आज करणे अगत्याचे आहे.

कोकणातील एका वीजकेंद्राशी जळगाव-धुळ्याच्या वाचकाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. गुहागर तालुक्यातील अंजनवेल आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल? वाशिष्ठीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या सावलीत ते केंद्र उभे आहे. खाडीच्या पलीकडच्या तीरावरील दाभोळ बंदराचे नाव त्यास मिळाले एवढेच. पण विजेच्या व्यवहारात अंतर मोजण्याची रीत निराळी असते. राज्यातील निरनिराळ्या केंद्रांतून घेतलेल्या विजेचा खर्च एकत्र होतो आणि त्याची सरासरी महावितरणच्या सर्व ग्राहकांवर बसते. महाग वीज गुहागरला निर्माण झाली म्हणून तिचे देयक गुहागरलाच जाते असे नाही. ते चोपड्याच्या डाळ गिरणीला, धुळ्याच्या यंत्रमागवाल्याला आणि जळगावच्या नव्या वसाहतीतील निवृत्त शिक्षकाला सारखेच येते. कोठे कोणता आकडा त्यात मिसळला आहे, हे मात्र देयकाच्या कागदावरून कोणालाही ओळखता येत नाही.

वायूवर वीज निर्माण करणे ही कल्पना मुळात वाईट नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे; कारण एन्रॉनच्या प्रकरणानंतर कित्येकांच्या मनात यंत्राचा आणि कराराचा दोष एकच होऊन बसला आहे. वायूचे केंद्र दोन टप्प्यांत काम करते. विमानाच्या इंजिनासारख्या टर्बाइनमध्ये वायू जळतो आणि त्या झोताने पहिले जनित्र फिरते. बाहेर पडणारी धग वाया न घालवता तिच्यावर पाणी उकळवून वाफ केली जाते व त्या वाफेवर दुसरे जनित्र चालते. या जोडव्यवस्थेमुळे इंधनातील निम्म्याहून अधिक शक्तीचे विजेत रूपांतर होऊ शकते. कोळशाच्या केंद्रात ते प्रमाण पस्तीस ते चाळीस टक्क्यांच्या आसपास राहते. राख नाही, राखेची तळी नाहीत. हवेत सुटणारा कार्बन वायूही कोळशाच्या मानाने सुमारे निम्माच. आणि तिसरा गुण सर्वांत मोलाचा. कोळशाची थंड पडलेली भट्टी पुन्हा पूर्ण शक्तीवर आणण्यास कित्येक तास लागतात. वायूचे टर्बाइन मात्र हाकेसरशी उठते, काही मिनिटांत वीज देऊ लागते आणि वाफेचा दुसरा टप्पा त्याच्या मागोमाग येतो.

असे केंद्र महाराष्ट्राने एन्रॉनच्या आधीच, स्वतःच्या बळावर उभे केले होते. मुंबईनजीकच्या समुद्रात ‘सागर सम्राट’ या जहाजाने १९७४ मध्ये तेल शोधून काढले. तेलाबरोबर वायूही वर येऊ लागला. त्याचा काही भाग नुसताच जाळून टाकला जात असता, विद्युत मंडळाने १९८२ मध्ये उरणजवळ बोकडविरा येथे वायूवर चालणारी जनित्रे बसविली. पुढे १०८ मेगावॅटची चार जनित्रे आली. त्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर १२० मेगावॅटचे दोन वाफेचे संच उभे राहिले. वायू आपल्याच समुद्रातला, मालकी मंडळाची, हिशेब रुपयांत. या केंद्राविरुद्ध मोर्चा निघाल्याचे, त्याच्यावर चौकशी समिती नेमल्याचे आम्हांस स्मरत नाही. पुरेसा वायू मिळत नाही, हेच काय ते त्याचे दुखणे.

आपल्या तापीच्या मुखाशीही असाच प्रकार आहे. मुक्ताईनगरपासून भुसावळ, चोपडा, शिरपूर, शिंदखेडा, शहादा असा प्रवास करून ही नदी सुरतेपाशी समुद्राला मिळते, त्या हजिऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यात वसईच्या समुद्रातील वायू नळाने येऊन पोहोचला आणि तेथून पुढे थेट उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत गेला. त्याच भागात कवास येथे केंद्रीय औष्णिक वीज महामंडळाचे ६५६ मेगावॅटचे वायुकेंद्र १९९०-९५ च्या सुमारास सुरू झाले. पश्चिमेकडील इतर राज्यांबरोबर महाराष्ट्राचाही त्याच्या विजेत वाटा ठरला. वसईचे नाव धारण करणारा वायू वसईला न उतरता हजिऱ्याला का उतरला, याची चर्चा एखाद्या रविवारच्या लेखासाठी राखून ठेवू. येथे सांगावयाचे ते इतकेच की उरण आणि कवास या दोन्ही ठिकाणी इंधन आधी होते आणि केंद्र मागून आले.

अंजनवेलला क्रम उलटा झाला. केंद्र आधी ठरले. ते किती मोठे, हे कंपनीने सुचविले. आणि त्याला लागणारा वायू ओमान व अबुधाबी येथून उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून, द्रवरूपात, जहाजांनी आणावयाचा असे ठरले. १९९१ नंतर परकीय भांडवलाचे दार उघडले तेव्हा वीजटंचाईची भीती खरी होती आणि दिल्लीला घाई झाली होती. त्या घाईत स्पर्धात्मक निविदा मागविल्यावाचून, १९९२ च्या जूनमध्ये एन्रॉनशी प्राथमिक समझोता झाला. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही, त्याची वीज गरजेपेक्षा जास्त आणि महाग होईल, असा अभिप्राय १९९३ मध्ये जागतिक बँकेने दिला. ज्या बँकेचा सल्ला एरवी आपली सरकारे शिरसावंद्य मानतात, तिचा नेमका हा एक सल्ला त्यांनी मानला नाही. योगायोगही कसे असतात पहा!

पहिल्या करारात दोन टप्प्यांची मिळून २,०१५ मेगावॅट क्षमता धरली होती. तीतील वीज घेतली न घेतली तरी नव्वद टक्के उपलब्धतेच्या हिशेबाने स्थिर आकार मंडळाने द्यावयाचा, मंडळ चुकले तर राज्य सरकारने हमी घ्यावयाची, राज्य चुकले तर केंद्राने प्रतिहमी द्यावयाची. डॉलर त्या वेळी साधारण एकतीस रुपयांना होता. २००१ मध्ये तो सत्तेचाळीसच्या आसपास गेला. इंधनाचा भाव वाढला तर तो ग्राहकावर, रुपया घसरला तर तो ग्राहकावर, विजेची मागणी कमी पडली तर तीही ग्राहकावर. धंद्यात जोखीम असते, म्हणून नफा असतो, असे आपण आजवर समजत होतो. येथे नफा एकीकडे आणि जोखीम दुसरीकडे, अशी स्वच्छ वाटणी झाली.

स्थिर आकार हा शब्द वीजशास्त्रातला असला तरी त्यातील हिशेब कोणत्याही गृहिणीला कळण्यासारखा आहे. समजा, एखादे केंद्र वर्षभर जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालले असता त्याच्या भांडवलाचा बोजा युनिटमागे दोन रुपये पडतो. तेच केंद्र एक-तृतीयांश चालले तर तोच बोजा सहा रुपये होतो. इंधनाचा खर्च त्यावर निराळा. विद्युत मंडळाकडे रात्री कोळशाची स्वस्त वीज उपलब्ध असताना त्याने दाभोळची वीज कमी घ्यावी, हे शहाणपणाचे. पण कमी घेतली की युनिटचा भाव चढतो आणि भाव चढला की आणखी कमी घ्यावीशी वाटते. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाल्यानंतर नेमके हेच घडले. काही महिन्यांत युनिटचा भाव सात रुपयांच्या पुढे गेला. नांगराला न जुंपलेला बैल दाणावैरण मात्र भरपूर खातो, तशी ती अवस्था होती.

या प्रकरणात कोणत्या पक्षाचे हात स्वच्छ राहिले, हा प्रश्न निवडणुकीच्या दिवसांत चवीने चघळला गेला. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईल : कोणाचेही नाही. काँग्रेसच्या राज्यात करार झाला. ‘एन्रॉन समुद्रात बुडवू’ अशी गर्जना करून १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युतीच्या सरकारने ३ ऑगस्ट १९९५ रोजी तो रद्द केल्याचे जाहीर केले आणि १९९६ च्या आरंभी तो पुन्हा मान्य केला. आणि तोही लहान करून नव्हे, तर एकूण क्षमता २,१८४ मेगावॅटपर्यंत वाढवून. त्याच वर्षी मे महिन्यात, तेरा दिवस टिकलेल्या वाजपेयी मंत्रिमंडळाने जाता जाता केंद्राची प्रतिहमी पक्की केली. ज्यांनी खरोखर विरोध केला ते वेलदूरचे मच्छीमार, अंजनवेल परिसरातील शेतकरी आणि मुंबई-पुण्यातील मूठभर अभ्यासक. त्यांतील पहिल्या दोघांनी १९९७ मध्ये पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. तिसऱ्यांना प्रगतीचे शत्रू म्हणून हिणविण्यात आले. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतील मंडळींनी कराराची कलमे मांडून आकडेमोड केली, तेव्हा ज्यांनी ती वाचण्याचे कष्टही घेतले नाहीत, त्यांत आमचे व्यवसायबंधूही होते हे कबूल केले पाहिजे. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ मध्ये या साऱ्या निर्णयप्रक्रियेवर कठोर ठपका ठेवला. तोवर साल चढून गेले होते.

शेवटचा खटका ज्या मुद्द्यावर उडाला तो आजच्या संदर्भात फार बोलका आहे. थंड स्थितीतून तीन तासांत केंद्र पूर्ण क्षमतेवर आणून दाखविण्याचे कंपनीने करारात मान्य केले होते. २८ जानेवारी २००१ रोजी मंडळाने तशी मागणी केली आणि कंपनीस ती पुरी करता आली नाही, असा आरोप ठेवून ४०१ कोटी रुपयांचा दंड मागितला. कंपनीने तो नाकारला. मे महिन्याच्या अखेरीस केंद्र बंद पडले. वायुकेंद्राचा जो सर्वांत मोलाचा गुण, म्हणजे हाकेसरशी उठणे, त्याच्याच कसोटीवर हा संसार मोडला.

पुढली चार वर्षे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात यंत्रे उभी होती. आणि दैवाची थट्टा अशी की त्याच काळात राज्यातील मागणी वाढत गेली, नवी केंद्रे उभी राहिली नाहीत, आणि २००५ पासून महाराष्ट्राने हजारो मेगावॅटची तूट अनुभवली. त्या वर्षांचे भारनियमन खानदेश विसरलेला नाही. यावल-रावेरच्या पट्ट्यात पाणी इतके खोल गेलेले की विहिरीवरचा साधा पंप केव्हाच निकामी झालेला. शे-दोनशे हात खालून पाणी उपसणाऱ्या पंपांवर केळीचे बाग उभे. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांवर आणि वीज दिवसातून काही तास, तीही मध्यरात्री. कंदील घेऊन बांधावर बसलेली माणसे, वीज आली की धावत जाऊन बटण दाबणारी पोरे, कमी दाबाने जळालेल्या मोटारी आणि त्या भरून देणाऱ्या कारागिरांच्या दुकानांपुढली रांग हे दृश्य गावोगावी होते. एक पाळी चुकली तर घड वाढत नाही आणि दोन चुकल्या तर खांब मोडून पडतो, हे केळीवाल्याला सांगावे लागत नाही. शहरात वर्गातले पंखे बंद, पिठाच्या गिरण्या बंद, आणि परीक्षेच्या दिवसांत मुले मेणबत्तीवर. २००१ मध्ये जी वीज नको इतकी होती, ती २००५ मध्ये हवी तितकी नव्हती. नियोजन या शब्दाचा अर्थ आपल्याकडे काय होतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

हे सर्व चालू असताना दीपनगर आपल्या उशाशी धडधडत होते, ही त्यातील आणखी एक बोच. भुसावळजवळच्या या औष्णिक केंद्रात पहिला संच १९६८ मध्ये सुरू झाला. १९७९ आणि १९८२ मध्ये २१० मेगावॅटचे दोन संच आले, २०१२ मध्ये ५०० मेगावॅटचे दोन, आणि त्यानंतर ६६० मेगावॅटचा आणखी एक उभारण्यात आला. पहिला संच केव्हाच निवृत्त झाला. केंद्र मात्र वाढतच गेले. पाणी हतनूरचे, राख वेल्हाळ्याच्या तळ्यात, आणि वीज राज्याच्या जाळ्यात. दिव्याखाली अंधार ही म्हण दीपनगरच्या पंचक्रोशीत कोणी अलंकार म्हणून वापरीत नसे. खानदेशाने राज्याला वीज देऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्याच्या अंगणात राख पडते, त्याला विजेच्या करारांचा हिशेब विचारण्याचा अधिकार इतरांहून कणभर जास्तच असतो, एवढेच आम्ही म्हणतो.

अंजनवेलच्या दुसऱ्या जन्माची कथा थोडक्यात सांगतो. २००५ मध्ये सरकारी महामंडळे व वित्तसंस्था यांनी मिळून रत्नागिरी गॅस व वीज कंपनी स्थापन केली आणि मालमत्ता ताब्यात घेतली. केंद्र पुन्हा पेटले. त्याला वायू मिळाला तो मात्र समोरच्या समुद्रातून नव्हे, तर गुजरातेतील दहेजहून उरण-पनवेलमार्गे आलेल्या नळातून. कारण जहाजांसाठी बांधावयाचा धक्का अर्धवट पडला होता. तो २०१३ मध्ये चालू झाला, तरी लाटा अडविणारी भिंत अपुरी राहिल्याने पुढेही कित्येक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाज लावता येत नसे. मध्यंतरी कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यातील वायूवर काही वर्षे बरी गेली. तो झरा आटला आणि २०१३ नंतर केंद्र पुन्हा थंडावले. २०१५ च्या नोव्हेंबरात रेल्वेने सुमारे ५०० मेगावॅट वीज घेण्यास आरंभ केला, तेवढा आधार मिळाला. तोही करार २०२२ मध्ये संपला. मालक बदलले, पण स्थिर आकाराचा तंटा बदलला नाही. वायू देशी नसून आयात केलेला असला तरी त्याच्या आधारे जाहीर केलेल्या क्षमतेचे पैसे द्यावयाचे की नाही, यावर महावितरण आणि ही कंपनी वर्षानुवर्षे भांडत राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महावितरणचे अपील फेटाळले. पहिल्या करारापासून मोजल्यास तीस वर्षांनी, तोच प्रश्न, आणि उत्तरही तेच : करारात लिहिले आहे, तर द्या.

न्यायालयाचा यात दोष नाही. कागदावर जे आहे ते न्यायालय वाचते. कागद लिहिताना कोण हजर होते, हा प्रश्न विचारण्याची जागा न्यायालय नव्हे.

आता आजच्या गरजेकडे वळू. खानदेशात ऊन्ह कधीच कमी नव्हते. त्याचा उपयोग व्हावयास लागला आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. त्याच तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या डोंगरांवर पवनचक्क्या त्याच्याही आधीपासून फिरत आहेत. शेतीच्या वाहिन्यांना दिवसा सौर वीज देण्याची योजना राज्याने हाती घेतली आहे, आणि मध्यरात्री बांधावर बसण्याच्या शिक्षेतून शेतकरी सुटत असेल तर त्या योजनेचे स्वागत आम्ही मनःपूर्वक करतो. पण उन्हाळ्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि जळगावची भिंत रात्री अकरापर्यंत तापलेली असते. दिवेलागणीला घरोघरी कूलर, पंखे, वातशीतक एकदम सुरू होतात. दुकानांतील रोषणाई त्यात भर घालते. नेमक्या त्याच घटकेस सौर वीज शून्यावर येते. ही संध्याकाळची चार-पाच तासांची दरी कोळशाच्या केंद्राने भरावी, तर ते इतक्या चटकन चढ-उतार करण्यासाठी बांधलेले नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारला मे आणि जून या दोन महिन्यांसाठी देशातील बंद वायुकेंद्रांना चालविण्याचा आदेश काढावा लागला, तो याच कारणाने. त्या वर्षी देशात सुमारे चोवीस-पंचवीस हजार मेगावॅटची वायुकेंद्रे होती आणि त्यांतील पुष्कळशी वर्षाचा बहुतेक काळ झोपलेली असत.

म्हणजे अंजनवेलला जागे करा, असे म्हणावयाचे काय? मोह होतो खरा. पण आधी भाव विचारू. दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट एवढ्या वायूतून चांगले केंद्र साधारण दीडशे युनिटच्या आत-बाहेर वीज काढते. हा वायू बारा डॉलरला पडला, तर नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटमागे सात रुपयांच्या घरात जातो. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२ मध्ये आशियातील तात्कालिक बाजारात हाच भाव काही काळ पन्नास डॉलरच्याही वर गेला होता. त्या भावाने युनिट पंचवीस रुपयांच्या वर पडले असते. ही वीज बारा महिने, चोवीस तास घेण्याची वीज नव्हे. ती वैशाखातील संध्याकाळी, चार तासांपुरती, गरज असेल त्या दिवशीच घेण्याची वीज आहे. दुसरीकडे मोठ्या बॅटऱ्यांच्या किमती झपाट्याने उतरत आहेत, आणि दिवसा पाणी वर चढवून रात्री खाली सोडणारे जलविद्युत प्रकल्पही राज्यात आखले जात आहेत. तेव्हा वायूने या दोघांशी उघड्या बाजारात स्पर्धा करावी आणि संध्याकाळच्या तासाला जो स्वस्त पडेल त्याची वीज घ्यावी, हा मार्ग आम्हांस सरळ दिसतो. शासनाने संध्याकाळ विकत घ्यावी. केंद्र विकत घेऊ नये. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, सालदार नको, रोजंदार हवा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. रोजंदार हाक मारल्याबरोबर यावयाचा तर त्याने गावात राहिले पाहिजे, आणि गावात राहण्यापुरते त्याच्या पोटाला कोणीतरी घातले पाहिजे. अग्निशामक दलाला आपण आग लागली नाही म्हणून बिनपगारी ठेवीत नाही. हाकेला सज्ज राहणाऱ्या केंद्रालाही सज्जतेचे काही मोल द्यावे लागेल. आमचा वाद त्या मोलाशी नाही. ते किती, कोणत्या चलनात, किती वर्षांसाठी आणि कोणाला विचारून ठरले, याच्याशी आहे. ते रुपयांत असावे. मुदत थोडी असावी. यंत्र वेळेत उठले नाही तर ते मोल आपोआप कापले जावे; दंडासाठी मागाहून भांडत बसण्याची पाळी येऊ नये. आणि कराराचा मसुदा, सही होण्याच्या तीन महिने आधी, मराठीत, राज्यातील प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात वाचावयास ठेवलेला असावा. व्यापारी गुपिताचे कारण याआड येता कामा नये. जे पैसे देतात त्यांच्यापासून राखावयाचे गुपित म्हणजे काय, हे १९९३ साली आपण एकदा शिकलो आहोत.

गुप्ततेची ही खोड एकट्या वायूला लागलेली नाही, हे धुळे जिल्ह्याला वेगळे सांगावयास नको. दोंडाईचाजवळ कोळशावरील भव्य केंद्र उभे राहणार म्हणून शिंदखेडा तालुक्यात जमिनी घेतल्या गेल्या. केंद्र उभे राहिले नाही आणि पुढे त्याच जमिनीवर सौर प्रकल्पाची योजना झाली. शेजाऱ्याच्या जमिनीचा मोबदला आणि आपला मोबदला यांतील तफावतीचे कारण विचारीत विखरणचे एक ८४ वर्षांचे शेतकरी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत राहिले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयातच विष घेतले आणि काही दिवसांनी ते वारले. कोळसा असो, वायू असो की सूर्य, हिशेब लपविला की त्याची किंमत ज्याला कागद वाचून दाखविला गेला नाही असा कोणीतरी माणूस भरतो.

म्हणून एक मागणी आज येथे नोंदवून ठेवतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग दरवाढीवर सुनावण्या घेतो, त्या प्रत्यक्ष भरतात तेव्हा खानदेशातील ग्राहकास नाशिक गाठावे लागते. रावेरच्या केळीवाल्याने त्यासाठी एक दिवसाची पाणीपाळी सोडावी, अशी अपेक्षा धरणे रास्त नाही. आणि दूरचित्रवाणीसारख्या पडद्यावरून घेतलेल्या सुनावणीत बोलणाऱ्याचा आवाज बहुधा त्याच्या गावातली वीज गेल्याने तुटतो. संध्याकाळच्या विजेच्या खरेदीचा पुढील प्रस्ताव आयोगापुढे येईल तेव्हा त्याची एक सुनावणी जळगावात आणि एक धुळ्यात व्हावी. दोन्ही जिल्ह्यांच्या आमदार-खासदारांनी आयोगास तसे पत्र लिहावे. ते पत्र आमच्याकडे पाठविल्यास आम्ही ते याच पृष्ठावर छापू. ज्यांचे पत्र येणार नाही, त्यांची नावेही छापू.